कल्हई

मी चित्रकार नव्हे. मी चाक फिरवणारा.
फोसोंब्रोनेत, नदीकडे उतरणाऱ्या चांभारांच्या गल्लीत,
एर्कोलानो वेत्सोसीच्या छापखान्यात तेवीस वर्षं
ओला कागद, त्यावर लोकरीची घडी,
आणि हे माझे दंड.
त्याच्याबद्दल मला विचाराल तर सांगेन,
पण आमच्या धंद्यात सगळं उलटं असतं
हे ध्यानात धरून ऐका.

वाळू भरलेल्या चामड्याच्या उशीवर तो तांब्याचा पत्रा ठेवी.
कोरणी जागची हलत नसे,
पत्राच तिच्याखाली वळत राही.
"हात स्थिर आहे बिआजो, फिरतंय ते जग,"
एवढं बोलून तो दाराकडे बघे,
कारण त्या वर्षांत असली वाक्यं
हळूच बोलायची असत.

रंगाचं कामही केलं त्यानं.
पिंजाऱ्यांच्या मंडळासाठी वेदीवरचं चित्र, तीन वर्षं.
मजुरी अर्धी सातूत, अर्धी आंबट दारूत.
म्हणून निळा घेतला स्वस्तातला;
दहा वर्षांत देवमातेचा शेला
धुणावळीच्या पाण्यासारखा झाला.
तो त्या चर्चमध्ये मग गेलाच नाही.
रविवारी पूल ओलांडून दुसरीकडे जाई,
गुडघा दुखत असताना.

आणि मग तो संत मत्तय.
देवदूत सांगतोय, म्हातारा लिहितोय,
दाढीच्या केसाकेसात उजेड.
"हे काम म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ," म्हणाला होता.
आठव्या दिवशी मी पहिला कागद सोलून काढला
आणि दोघंही गप्प झालो.
मत्तय डाव्या हातानं लिहीत होता.
आरशात बघून कोरायचं, हे तो विसरला होता,
जे पहिल्या आठवड्यातलं पोरही विसरत नाही.
तरी दोनशे प्रती छापल्या, कागद फाब्रियानोचा, उधारीचा.
फ्रा गाउदेन्झिओनं त्या बोटाच्या टोकानं मागे सरकवल्या.
"सैतानाचा हात आहे हा."
"लिहून लिहून दमला असेल, फादर.
बदलला असेल हात."
कोणी हसलं नाही.
त्या हिवाळ्यात अख्ख्या गावानं
चीज मत्तयात गुंडाळून नेलं.

खरं तर तेव्हाच त्याचे डोळे जात होते.
आम्ही ते चुकीच्या खाती मांडलं.

पुढं ओर्सोला कोरू लागली, त्याची लेक,
पाण्यानं भरलेल्या काचेच्या गोळ्यामागे दिवा ठेवून.
खाली नाव बापाचंच.
फक्त एकदा, मेंढपाळांच्या चित्रात,
एका कोकराच्या कानात तिनं
आपल्या नावाचं पहिलं अक्षर लपवलं:
नुसता एक गोल.
उलटा छापला तरी तोच.
मला दिसला. मी चाक फिरवलं.

तो गेला तेव्हा देणेकरी पायऱ्यांवर बसून होते.
पत्रे मोडीत निघाले, तराजूवर,
संत आणि जत्रेतले विदूषक एकाच भावानं.
नार्दो तांबटानं ते ठोकले,
आत कल्हई केली, बाजारात मांडले.
ओर्सोला पेसारोला गेली, पत्र नाही.

आमच्याकडे एक पातेलं आहे.
पेर्ना त्यात वाल शिजवते.
गेल्या चातुर्मासात नव्हे, उपासाच्या चाळीस दिवसांत,
रोज रोज वाल, रोज पळीची खरवड,
कल्हई झिजली, आणि तळाशी दाढी दिसली.
ठोकून ठोकून गाल सुजलेले,
देवदूताचा एक पंख काठावर चढलेला.
मी पातेलं खिडकीत नेलं.

मत्तय उजव्या हातानं लिहीत होता.

तांब्यावर तो बरोबरच होता, सुरुवातीपासून.
जसा त्यानं पाहिला तसा.
चूक झाली ती माझ्या चाकाखाली,
कागदाला टेकल्यावर.

उद्या कल्हईवाला येईल.
उघड्या तांब्यातलं अन्न बाधतं, पेर्ना म्हणते,
आणि तिचं खरं आहे.
मी काही बोलणार नाही.
बोटानं एकदा ती रेघ चाचपून बघतो, एवढंच:
अजून बोचते.