सात बाजांचं सुंभ

गावात कुणालाही विचारा, सांगतील:
सात बाजांचं सुंभ उसवून सोडलं
तरी या तळ्याला बूड लागत नाही.
सोडलं कुणी होतं, ते मात्र कुणी सांगत नाही.

चोपड्याहून साठ रुपयांची सुतळी आणली.
दर फुटाला गाठ, दर पाचव्या गाठीला
वहिनीच्या जुन्या लुगड्याची लाल चिंधी.
टोकाला किराणावाल्याचं अर्धा किलोचं माप,
पासिंग संपलेलं,
आणि त्याखाली डब्याचं झाकण, आडवं,
नाहीतर वजन गाळात शिरतं
आणि पाणी असतं त्याहून खोल दिसतं.

घड कापलेल्या केळीचे सहा खांब
ठिबकच्या फाटक्या नळीनं बांधले, झाला तराफा.
त्यावर लोटन भोई, उकिडवा,
या काठच्या निंबापासून त्या काठच्या खुंटापर्यंत
ताणलेल्या दोराला धरून
दहा-दहा हात सरकत.
मी काठावर, मांडीवर वही.

"लागनं का?"
"लागनं."
"किती?"
"साडेतीन."

वारा आला की थांबायचं.
सुतळी तिरपी झाली की पाणी फुगवून सांगतं,
लग्नात उठलेल्या पंगती सांगाव्यात तसं.
काठाशी एक काठी रोवलेली, खिळ्यानं रेघा मारलेली;
रोज बोटभर पाणी उतरतं,
कालच्या आकड्यानं आजच्याशी भांडू नये म्हणून.

चौथ्या दिवशी मधोमध पोचलो.
काठावर माणसं जमली.
उखर्डूबाबांना नातवानं मोटारसायकलवर आणलं.
माप सुटलं. पहिली चिंधी बुडाली.
दुसरी वरच राहिली, लोटनच्या मुठीत.
किती, ते कुणी विचारलं नाही.
त्यानंच सांगितलं, हळू,
घरातलं काही सांगावं तसं:
नऊ.

उखर्डूबाबा म्हणाले, "सुतळी खोटी शे."

मग लोटननं टोक तासलेला बांबू घेतला
आणि त्याच जागी उभा दाबला.
नवाला तो थांबला नाही.
मळलेल्या कणकेत बोट जावं तसा गेला,
दहा, बारा,
साडेचौदाला मुरुमावर वाजला.
म्हणजे साडेपाच फूट गाळ.
बांधाबांधावरून वाहत आलेली माती,
जिच्या वीतभर तुकड्यासाठी भाऊ-भाऊ कोर्टात गेले,
इथं एकाच अंथरुणात निजलेली.

रात्री खताच्या कॅलेंडरच्या पाठीवर
सारख्या आकड्यांमधून रेघा ओढल्या.
कापलेल्या कांद्यासारखं तळं उमटलं.
उगवतीला उथळ पट्टा, दोन फुटांच्या आत;
तिथं खणायचं नाही, असं लिहिलं,
तिथं हिवाळ्यात चमचे चरतात.
खर्च: सुतळी साठ, चहा एकशे दहा.
झाकण परत केलं.

सकाळी तळ्याकडं पळणाऱ्या पोरावर
लोटनची बायको ओरडत होती,
"नको जाऊ रे, सात बाजांचं सुंभ..."
आकड्यांची चिठ्ठी लोटनच्या खिशात होती.
तो काही बोलला नाही.
पोरगा तीन गाठी उंच.