रस्ता लागेपर्यंत

स्टोअरच्या खिडकीतून बूट आले तेव्हा
बाबूने माप विचारलं नाही.
काळे, सहा नंबर, पुढे लोखंडी वाटी.
"बायकांचे वेगळे येत नाहीत," म्हणाला,
आणि सही घेतली माझी
जिथे आधीच 'श्री.' छापलेलं होतं.

माझा पाय पाच.

शेजारचे फळणीकर म्हणाले, बादलीत बुडव रात्रभर,
आमच्या वेळी असंच करत.
पण त्यांनी आयुष्यभर टायपिंग केलं,
म्हणून मी दौलतगंजच्या वळणावर गेले, हरप्रसादकडे.
त्याने टाच दाबून पाहिली. दबली नाही.
मग माझी जुनी चप्पल मागितली,
उलटी केली, आणि पत्र वाचावं तशी वाचली.
"बिटिया, सगळा भार उजव्यावर टाकतेस तू."

खरं होतं. नवव्या वर्षी धाकट्या निळूला
उजव्या कडेवर घेऊन कंपूच्या नळावर उभी राहायचे,
दोन उन्हाळे.
निळू आता पाच फूट दहा आहे.
चपलेला हे कुणी सांगितलं नव्हतं.

"एरंडेल आतून लाव, टाचेच्या शिवणीवर. उन्हात ठेवू नकोस.
मोजे दोन, वरचा लोकरीचा.
संध्याकाळी पाय फुगतो, तेव्हा घाल,
तासभर, रोज, घरातल्या घरात."

घरातल्या घरात!
बाबांना तपासायला आलेल्या डॉक्टरांनाही
आईने बूट दाराबाहेर काढायला लावले होते,
आणि बाबांना तेव्हा श्वास लागला होता.

ती मेथी निवडत होती. सगळी जुडी संपेपर्यंत बोलली नाही.
मग म्हणाली,
"रस्ता लागला नाही ना त्यांना अजून?
मग ते जोडे नव्हेत. वस्तू आहे. घाल."

आठ दिवस मी बूट घालून कणीक मळली,
बूट घालून पिठलं ढवळलं,
दूध उतू जाताना धावले तेव्हा करंगळी सोलली.
देवघरासमोरून जाताना मात्र
भिंतीला धरून, चवड्यांवर.
खालून भदौरिया विचारायला आले,
फरशी बसवताय का?

डावा चौथ्या दिवशी ऐकू लागला.
उजवा करकरत राहिला, चावत राहिला,
मी कापूस कोंबला, शिव्या घातल्या,
शेवटी तांदळाचा डबा घेतला उजव्या कडेवर
आणि स्वयंपाकघर ते बाल्कनी,
बाल्कनी ते स्वयंपाकघर,
निळूला झोपवावं तशी चालत राहिले.
आई टीव्ही बघत असल्यासारखी बसली होती.
टीव्ही बंद होता.

नवव्या दिवशी पहाटे पावणेपाच.
धुक्यात समोरचा खांबसुद्धा नाही.
आईने टॉर्च धरला उंबऱ्यावर,
मी ओलांडला.
"आता हे घालून आत यायचं नाही," एवढंच म्हणाली.

बिर्लानगरपासून रायरूपर्यंत गिट्टी,
खांद्यावर पाना, हातोडा,
आणि चाव्या ठोकत, सैल पट्ट्या बघत चालायचं.
गिट्टी फरशीसारखी नाही, ती पायाखालून सरकते
आणि बूट घरी शिकलेलं सगळं विसरतो;
थोडं विसरतो.
रामसिया मेटने माझ्या तोंडाकडे नाही, पायांकडे पाहिलं.
"नवी पोरं महिनाभर लंगडतात," म्हणाला,
आणि पुढे चालू लागला.
मी त्याला सांगितलं नाही तांदळाचं.

संध्याकाळी बूट दाराबाहेर काढले.
दगडाची राखाडी भुकटी चढली होती त्यांच्यावर,
टाचेत फुटलेला एक फोड, फार नाही.
जेवले, आडवी झाले.

रात्री कधीतरी जिन्याजवळ आवाज झाला,
ठक.
बराच वेळ काही नाही.
मग पुन्हा, ठक.
उठून पाहिलं तर आई,
लुगड्याचा काठ एका हाताने वर धरलेला,
उजव्या पायात माझा बूट, डावा पाय अनवाणी,
भिंतीला टेकून तोल सावरत
पुढचं पाऊल कुठे टाकावं ते ठरवत होती.

मी दिवा लावला नाही.
तिने ते टाकलं.
उंबऱ्याच्या आत की बाहेर
अंधारात नीट दिसलं नाही.