खाण तशी माती

बाबा पाइपच्या तोंडाशी उभे असायचे.
रात्रपाळी, उणे एकतीस.
झडप फिरवली की राखाडी चिखल
वाफा सोडत तळ्यात.
सोनं चिमूटभर, बाकी सगळं हे.

तळं होतं, मासे होते, इझाबेल नाकोगी सांगते.
तिच्या आजीचं जाळं जिथे लागायचं
तिथून आज आम्ही चालत जातो.
बूट ओला होत नाही.

गिरणीतला कागदाचा लगदा, लाकडाची राख,
गावाच्या मैल्याचा वाळवलेला साका:
चाळीस ट्रक ओतले, पसरले.
महिनाभर डबा गाडीत बसून खाल्ला, काचा वर करून.
कौन्सिलमध्ये कुणी म्हणालं, पैसा मातीमोल जातोय.
मातीमोल!
या थंडीत बोटभर माती व्हायला
किती पिढ्या जातात, विचारा त्याला.

पहिल्या वर्षी गवत आलं, दाट, पोपटी.
सप्टेंबरात रानहंस उतरले,
तीन दिवसांत फडशा.
मी रडले. इझाबेल विष्ठेकडे बोट दाखवून हसली,
"बिल चुकतं करून गेलेत."

मग अल्डर. बोटाएवढी रोपं, नऊ हजार.
उपटून पाहिलं एक, राहवलं नाही म्हणून;
मुळांना गाठी धरलेल्या,
हवेतलं अन्न गुपचूप साठवणाऱ्या.
पुन्हा लावलं. ते मेलं.

बाबांना यंदा घेऊन आले.
मांडीवर ऑक्सिजनचा सिलिंडर, खुर्चीची चाकं रुतत होती,
रुतत होती! मी कुणाला सांगू?
झाडांकडे त्यांनी पाहिलंच नाही.
"सहा नंबरचा पाइप कुठे होता?"
दाखवला. उजवा हात मांडीवर
हळूहळू फिरत राहिला, काहीतरी बंद केल्यासारखा.

मी गेल्या साली गळलेलं एक पान दिलं,
काळं, भोकाभोकांचं, शिरा तेवढ्या उरलेल्या.
इथे काहीच कुजायचं नाही.
मेलेली चिमणीसुद्धा वर्षभर तशीच पडून असायची.
त्यांनी नाकाशी धरलं, नळीच्या बाजूने,
बराच वेळ.
"कुजतंय की," म्हणाले.

दक्षिणेच्या कडेला पाणी अजून नारिंगी आहे.
दोनशे हेक्टरांतले सतरा झाले.
उद्या चुन्याचा ट्रक येणार, सहाला उठायचं आहे.