हात वर

मार्चमध्ये मालकाने हात वर केले.
बँकेपुढे, कोर्टापुढे,
आमच्या थकलेल्या सात पगारांपुढे.
मग गाडीत बसून तो निघून गेला,
आणि रोसारिओतल्या त्या शेवयांच्या कारखान्यात उरली
पीठ मळायची तीन यंत्रं.
दाराला सरकारी कुलूप.
बाहेर फुटपाथवर आम्ही एकोणतीस जण.

हात वर करणं मला ठाऊक होतं ते एवढंच:
शाळेत, बाई, जाऊ का?
इथे पट्ट्यापाशी, साहेब, जाऊ का?
साहेब आधी घड्याळ बघायचे.
चार मिनिटं.
अकरा वर्षं मी चार मिनिटांत परत आले.

पहिली सभा पाराना नदीकाठी,
मक्याच्या ट्रकांच्या आडोशाला.
देल्मिराने विचारलं, कुलूप तोडायचं का?
माझा हात खांद्यापर्यंत गेला आणि थांबला,
कोणीतरी घड्याळ बघेल म्हणून.

कुलूप तुटलं. ते सोपं होतं.
अवघड होता साबण.
पिवळा की पांढरा, यावर दीड तास.
कडू हिरव्या काढ्याचा एकच पेला, एकच नळी,
हातोहात फिरत चार वेळा माझ्यापाशी आला
तरी साबण ठरेना.
संडास कोण धुणार, हे त्याहून लांबलं.
सुलेमा लेकाच्या पाचवीच्या वहीत
जमा आणि खर्च शिकवू लागली,
मागच्या पानांवर डायनोसॉर होते.
चेकवर सही तुझी, म्हटल्यावर निकानोर रडला.
तीस वर्षं त्याला कोणी
पीठ दाबून बघण्यापलीकडे काही विचारलंच नव्हतं.

मग पगार आला. सगळ्यांना सारखा, म्हणाले.
निकानोरची दोन बोटं तिसऱ्या यंत्राने नेलेली,
आणि ब्राउलियो काल आलेला,
मिसरूडही धड न फुटलेला,
दोघांना सारखा?
विरोधात कोण, असं विचारलं तेव्हा
मी हात वर केला. पूर्ण. कोपर सरळ.
एकटीच.
अठ्ठावीस विरुद्ध एक.
त्या अठ्ठावीसांत निकानोरचाही होता,
तीन बोटांचा.

रात्री शिव्या द्याव्याशा वाटल्या.
पण द्यायच्या कोणाला?
पूर्वी म्हणायचो, वरून आलंय.
मी वर पाहिलं:
गंजके पत्रे, दोन कबुतरं,
आणि मालकाच्या खोलीत, काचेला टेकून,
मैद्याची पोती.

सकाळी सहाला मी, हरलेली,
हरलेल्या निर्णयाचंच पीठ मळायला घेतलं.
निकानोरने शेजारी येऊन पाणी घातलं.
थोडं जास्तच झालं.
सांगितलं मी त्याला तसं. तो म्हणाला, बघू.

दुपारी, पट्टा चालू असताना,
ब्राउलियोला म्हटलं, आलेच.
आणि गेले.
हात खालीच होता.
परत आले तर कोणी मान वर करून पाहिलं नाही,
कोणाच्या मनगटावर घड्याळच नव्हतं.

मोजत मीच होते.
चार.