दाराचं माप

हुओंग नदीचं पाणी उतरल्यावर तिसऱ्या दिवशी
ओ थोआनं मला बोलावलं.
आमच्या ह्वे शहरात आत्याला ओ म्हणतात.
ती कुणाचीच आत्या नाही,
म्हणून सगळ्यांची.

भिंतीवर कमरेइतकी चिखलाची रेघ,
मागचं दार फुगून चौकटीत रुतलेलं,
आणि ती अंगणात उकिडवी बसून
एकेक कुंडी जागेवर आणत होती.
जागेवर म्हणजे अगदी जागेवर:
फुटका कान विहिरीकडे, तडा कुंपणाकडे.

मी पट्टी काढली. बापाची पट्टी.
लाल खुणा शुभ, काळ्या अशुभ,
दाराची रुंदी ज्या खुणेवर पडेल
तसं त्या घराचं भलंबुरं.
मोजलं. काळ्यावर पडलं.
खूण म्हणत होती: ताटातूट.
मी गप्प राहिलो. सुतारानं वाईट बातमी
चहाच्या आधी सांगू नये.

चहा आला. तिनं पट्टीकडे पाहिलंसुद्धा नाही.
"पुढे सुपारी, मागे केळ,
एवढं शास्त्र सासऱ्यांनी पाळलं.
बाकीचं सगळं मी यांच्या पावलांवर बेतलं."

हे म्हणजे क्वीकाका. ओट्यावर बसून
लसूण सोलत होते, एकही पाकळी न चुकवता.
अठरा वर्षांपूर्वी नजर जायला लागली,
आधी कडा गेल्या, मग मधलं.

"ती जात होती तेव्हा मी बाग लावत होते.
विहिरीपाशी पपनस.
न्हाणीच्या वळणावर गवती चहा,
मांडीला घासेल इतका वाटेत आलेला.
मोगरा नको म्हटलं. मोगऱ्याचा वास फार हिंडतो,
माणूस चुकतो.
पागोळीखाली तीन रांजण, तीन वेगळ्या पोटांचे,
पाऊस पडला की कळतं आपण घराच्या कुठल्या बाजूला."

आणि फाटकासमोरची ती आडभिंत?
"ती भुतांसाठी. भुतं म्हणे सरळच चालतात."
जरा थांबून म्हणाली,
"हेही सरळच चालतात. भिंतीला हात लागला की वळतात."

ती बाजारात गेली तेव्हा मी एक आगाऊपणा केला.
चौकटीला आतून फणसाची एक पट्टी ठोकली,
भाताच्या दोन दाण्यांएवढी जाड.
रंधली, तेल पाजलं, नखालाही लागू नये अशी.
पुन्हा मोजलं. लाल.
याचे पैसे मी घेणार नव्हतो.

संध्याकाळी क्वीकाका मागच्या वाटेनं आले.
पावलं मोजत नव्हते, काठी नव्हती,
विजारीला गवती चहाचा वास.
हात चौकटीवर गेला
आणि तिथंच थांबला.
"इथं कोण उभं आहे?"

मग सगळं सांगावं लागलं.
पट्टी, काळी खूण, ताटातूट.
ते हसले. "ती होऊन गेली, पोरा.
सहा वर्षं. या दारातून गेलो,
याच दारातून परत आलो.
तुझी पट्टी खरं बोलते, फक्त उशिरा."

ओ थोआ म्हणाली, काढ ती.
क्वीकाका म्हणाले, राहू दे, एवढ्या प्रेमानं ठोकलीय,
हात शिकेल.
ती म्हणाली, हात शिकेपर्यंत कपाळ फुटेल.
बराच वेळ चाललं त्यांचं,
आणि मी मध्ये, हातोडी घेऊन,
पाहुण्यासारखा.

शेवटी काढली.
खिळ्यांची दोन भोकं मेणानं बुजवली.
त्यांनी बोटानं शोधली ती,
दोन्ही सापडली,
आणि समाधान झाल्यासारखे आत गेले.

माझ्या घराची पाचही दारं
लाल खुणेवर आहेत. मीच मोजून बसवलीत.
त्या रात्री वीज आलेली नव्हती.
पाणी प्यायला उठलो,
आणि माझ्याच घरात
मला किटली सापडेना.