बेचाळिसावं मिनिट

बेचाळिसाव्या मिनिटाला मी बेशुद्ध पडायचो.
तेवढंच माझं काम.
रोज दोन खेळ, रविवारी तीन,
खेळामागे आठशे लिरा, वर एक सँडविच.
सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं नाही,
आणि माझं सोंग चांगलं वठायचं.

सातवी रांग, कडेची खुर्ची,
म्हणजे पडल्याचा आवाज व्हावा आणि डोकं वाचावं.
दारातली नर्सही भाड्याचीच:
ओंडिना, एरवी मासळीबाजारात हिशेब लिहिणारी.
ती नाकाशी अमोनिया धरायची.
मी डोळे न उघडता विचारायचो, "झालं का?"
"पडून राहा, नेरेओ. अजून बघतायत."

दुसऱ्या दिवशी दुप्पट गर्दी.
पोस्टरवर लिहिलेलं: यातलं सगळं खरं आहे.

काल साठ वर्षांनी तोच माहितीपट त्रिएस्तेत पुन्हा लागला,
धुऊनपुसून, ओरखडे काढून.
बाहेर बोरा वाऱ्यानं स्कूटर आडव्या पाडलेल्या,
आत विद्यापीठातली पोरं, हातात बिअर.
निवेदकाच्या तुपाळ आवाजाला हसत होती.
रक्त टोमॅटोचं, भाले नवेकोरे,
नरभक्षकाच्या मनगटावर
घड्याळाच्या पट्ट्याचा फिकट वण.
मीही हसलो. धंद्यातलाच माणूस मी.

मग ते मिनिट आलं.
गुडघे सवयीनं सैल झाले.
पण आता पैसे कोण देणार?
डोळे उघडे ठेवले.

यापुढचं मी कधी पाहिलंच नव्हतं.

बोकड खरा होता.
तो पडतो. बराच वेळ पडत राहतो.
कडेला सहासात वर्षांची मुलगी,
तिच्या हातात त्याची दोरी,
जिला आता पलीकडून कुणी ओढत नाही.
ती बोकडाकडे बघत नाही. आमच्याकडे बघते.
काहीतरी विचारते.
ओठ दोनदा हलतात,
त्यावर निवेदकाचा विनोद चिकटवलेला.
मग चौकटीच्या बाहेरून एक हात येतो,
इस्त्रीची बाही, चकचकीत बटण,
तिच्या मुठीत नाणं ठेवतो,
आणि हनुवटीला धरून तिचं तोंड
जरासं उजेडाकडे वळवतो.

पोरं अजून घड्याळालाच हसत होती.
कुणी उठून गेलं नाही,
कुणाला घेरी आली नाही.
नर्स तर नव्हतीच.

चौकात दोर बांधले होते,
वाऱ्यात म्हातारीकोतारी उडू नयेत म्हणून.
मी एक घट्ट धरला.
दोन शब्द असावेत, फार तर तीन.
कुठल्या भाषेतले, तेही कुणी लिहून ठेवलेलं नाही.

बिअरवाल्यांतलाच एक पोरगा थांबला.
"आजोबा, बरं वाटत नाहीये का?"
घाबरला होता बिचारा, खराखुरा.
"वारा आहे," मी म्हटलं,
आणि दोर सोडला नाही.