बेडीचं माप

अंत्युखियाच्या तुरुंगात
बेड्या ठोकायचं काम माझं.
त्या दिवशी म्हातारा हन्नान आणला,
गालीलचा कोळी.
आधी माझं नाव विचारलं त्यानं;
इथे कुणी विचारत नाही.
मग म्हणाला, "थिओक्लेस, डावा घोटा सुजलाय,
जरा सैल ठेव."

भीती नाही वाटत?
"वाटते ना. रात्रभर पोट ढवळतं.
पण ज्याला पाहिलं, त्याला
पाहिलंच नाही कसं म्हणू?"

गप्प बसला.
बोटं मात्र चालूच:
हवेत गाठ, गाठीला गाठ,
नसलेलं जाळं सांधत.

पहाटे नेला त्याला.
बेडी परत आली, धुतलेली.

आता प्रत्येक कडीत मी
बोटभर जागा जास्त सोडतो.
शताधिपती ओरडतो.
माझंही पोट ढवळतं.
सोडतो.